व्हेरेनाचं माहेर

ऑक्टोबर लागला की आमच्या गाडीच्या डिकीला सफरचंदांचा वास लागतो, तो थेट थँक्सगिव्हिंगपर्यंत जात नाही. इथे ॲन आर्बरच्या शनिवारच्या बाजारात सफरचंदांच्या पेट्या मांडलेल्या असतात. मी दरवर्षी ठरवते, यंदा एकच पिशवी घ्यायची, आणि दरवर्षी अर्धी पेटी उचलून आणते. घरी आम्ही दोघं. माझा नवरा एरिक सफरचंदाला हात लावत नाही. लहानपणी जन्माची खाऊन झाली, म्हणतो. आमची लेक मीरा शिकागोत नोकरी करते. मग ती सफरचंदं ओट्यावर तशीच राहतात आणि मी दोन-तीन दिवस नुसती वास घेत घरभर हिंडते. खरं सांगायचं तर मला सफरचंद फारसं आवडतही नाही. पण त्या वासात तीन वर्षांपूर्वीचा एक अख्खा ऑक्टोबर आहे, आणि तो मला दरवर्षी परत हवा असतो.

तो ऑक्टोबर मी ओहायोत काढला, माझ्या सासूच्या घरी. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येणारं. एरिक शनिवार-रविवार यायचा. रूथ तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. नोव्हेंबरात तिचं शेतावरचं घर विकलं जाणार होतं आणि ती आमच्या गावात, वृद्धांच्या एका चांगल्या जागी राहायला येणार होती. सामान आवरायला कुणीतरी हवं होतं. मी जाते म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

सासूला नावाने हाक मारणं मला लग्नानंतर दोन वर्षं जमलं नव्हतं. 'रूथ' म्हणायला तोंड उघडायचं आणि नाशिकची सगळी खानदानी शिकवण जीभ धरून बसायची. मी आपली 'एक्स्क्यूज मी' म्हणून वेळ मारून न्यायची, जशी दुकानातल्या बाईला हाक मारावी. तिनेच एकदा विचारलं, "अनघा, तुला माझं नाव आवडत नाही का?" तेव्हापासून मी रूथ म्हणते. इंग्रजीत तू-तुम्हीचा घोळ नाही, ते एक बरं. लिहिताना मी तिला 'ती' म्हणतेय, पण बोलताना मनात कायम 'तुम्ही'च असतं.

त्या घरातल्या सकाळी मला अजून डोळे मिटले की दिसतात. आजूबाजूला सपाट शेतं, त्यांवर धुकं पसरलेलं, आणि त्या धुक्यात परसातली सफरचंदाची झाडं एकेक करून उगवायची. पहिलं झाड साडेसातला, शेवटचं नऊच्या पुढे. तोवर घड्याळ असून नसल्यासारखं. रूथ स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून सफरचंदं सोलायची, साल न तुटता एका लांब फितीत उतरायची. मग त्यांच्या पातळ चकत्या करून, लाकडी चौकटींवर जुनी जाड कापडं ताणून, त्यांवर मांडायच्या. दुपारी ऊन आलं की चौकटी मागच्या व्हरांड्यात जायच्या, ऊन गेलं की शेगडीपाशी. हे वाळवणच की, मी म्हटलं स्वतःशी. फक्त कावळे हाकायला काठी घेऊन कुणी बसलेलं नव्हतं.

दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही व्हेरेनाला शोधायचो.

व्हेरेना म्हणजे एरिकच्या वडिलांची पणजी. स्वित्झर्लंडच्या डोंगरातून दोन मुलांना घेऊन ही विधवा बाई जहाजात बसली आणि ओहायोच्या या चिखलात येऊन उतरली. पुढचा सगळा सोमर गोतावळा तिचा. चर्चमागच्या दफनभूमीत तिचा दगड आहे, पण तो वाळूचा. पावसाने त्यावरची अक्षरं पुसून पुसून नुसतं 'व्हे' उरलं होतं. त्या जागी नवा दगड बसवायचा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या सोमर मंडळींनी जमायचं, असं ठरलं होतं. दगडावर नाव, आणि नावाखाली जन्मगाव. नाव होतं. जन्मगावाचा घोळ होता.

माझे सासरे डॉन निवृत्त झाल्यापासून जाईपर्यंत या एका गोष्टीमागे लागले होते. चर्चच्या वहीची झेरॉक्स, जहाजावरची यादी, मुलांच्या लग्नाचे दाखले, सगळीकडे 'ओबरबाखची व्हेरेना सोमर' असं लिहिलेलं. डॉन आणि रूथ दोघं एकदा ओबरबाखला जाऊनही आले. तिथल्या पाद्र्याने बाप्तिस्म्याची जुनी वही काढून दिली. त्या सुमाराच्या चार व्हेरेना निघाल्या: दोन लहानपणीच गेलेल्या, एक तिथेच म्हातारी होऊन वारलेली, एक दुसऱ्याच कुणाला दिलेली. आपली व्हेरेना कुठेच नाही. वहीचं पान फाटलं असेल, म्हणून डॉननी मनाची समजूत घातली, पण शेवटच्या आजारपणात त्यांनी रूथला सांगितलं, जे खात्रीचं नाही ते दगडावर घालू नकोस. आणि रूथने शब्द दिला.

"दगडवाला वीस तारखेपर्यंत थांबतो म्हणालाय," रूथ मला म्हणाली. "नाहीतर ती ओळ रिकामी सोडतो. मी गेल्यावर कोण भरणार आहे ती?"

तिच्या दोन्ही मुलांना यात रस नव्हता, हे तिला ठाऊक होतं. एरिक माझा नवरा आहे म्हणून सांगते असं नाही, पण त्याला पणजीचं नाव विचारलं तर तो फोनमध्ये बघेल. म्हणजे जे काही व्हायचं ते या तीन आठवड्यांत, आम्हा दोन सुनांच्या हातून. हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यात आला आणि गेला: दोन सुना. व्हेरेना रूथच्या रक्ताची कुणीच नव्हती. माझ्या तर त्याहून नाही.

मी त्या खोक्यांतले कागद उलटत बसायची. जर्मन मला ओ की ठो कळत नाही, पण नावं वाचता येतात. दुपारच्या त्या पिवळ्या उजेडात सारखी तीच तीच नावं वाचून ती माणसं ओळखीची वाटायला लागली. योहानेस, अ‍ॅना, पुन्हा योहानेस. मध्येच डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा कागदांवर खिडकीची सावली सरकलेली असायची आणि रूथ शेगडीपाशी चकत्या उलटत असायची. क्षणभर मला कळायचं नाही की मी कुठल्या घरात आहे, कुणाची लेक आहे, केवढी आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये माझी आई गेली होती. आई गेली की माहेर संपतं, असं सगळ्या मावश्यांनी मला फोनवर सांगितलं. संपतं म्हणजे नेमकं काय होतं, ते एकीनेही सांगितलं नाही. मी तेरा दिवस नाशिकला राहून परत आले, कामाला लागले, मीटिंगांमध्ये म्यूट करून रडायला शिकले. मीरा फोनवर विचारायची, "ममा, आर यू ओके?" मी म्हणायची, "हो गं, सर्दी झालीये." सहा महिने सर्दी. तीही बिचारी मानून घ्यायची. आता वाटतं, ओहायोला मी सामान आवरायला गेलेच नव्हते. कुणाच्या तरी आईच्या स्वयंपाकघरात मला नुसतं बसायचं होतं.

तिकडे दादा आईचा फ्लॅट रिकामा करत होता. एका सकाळी, इकडे धुकं अजून विरलं नव्हतं तेव्हा, त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे वहिनी भांड्यांच्या पसाऱ्यात बसलेली.

"अनू, तुझी वहिनी विचारतेय, ही कुमुद कोण?" दादा म्हणाला. "तीन पातेली, एक तांब्या, एक पितळी डबा. सगळ्यांवर 'कुमुद' घातलंय. शेजाऱ्यांची भांडी आपल्याकडे राहून गेली असतील, देऊन टाकू म्हणते."

"अरे, आईच ती. माहेरची कुमुद."

"मला ठाऊक आहे गं. मी सांगितलं तिला. पण सांगताना मलाच कसंतरी झालं."

बाबांनी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं आणि कुमुद संपली. पुढे पन्नास वर्षं रेशनकार्ड, बँक, दवाखाना, शेवटचा दाखला, सगळीकडे सुनंदा. कुमुद उरली ती भांड्यांच्या काठावर, कारण भांडी माहेरून आलेली होती आणि ठोक्याने घातलेलं नाव घासून जात नाही. वहिनी मागून म्हणाली, "आई कधी बोलल्याच नाहीत हो. मी वीस वर्षं त्याच पातेल्यात वरण केलं." दादाने फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात आले. रूथ नव्या चौकटीवर कापड ताणत होती. रोजचंच कापड, रोजचीच सकाळ. पण त्या दिवशी माझे डोळे भांड्यांच्या काठांवर अडकलेले होते, म्हणून असेल, मला कापडाचा कोपरा दिसला. लाल दोऱ्याने, उभ्या-आडव्या टाक्यांत, दोन अक्षरं भरलेली. व्ही. एल.

"हे कुणाचं?"

"ते आमचं नाही," रूथ म्हणाली. "पलीकडे लेहमन म्हणून शेजारी होते, त्यांच्या घरचं सामान विकलं तेव्हा कुणीतरी उचललं असेल. सोमरांच्यात 'एल' कुठे आहे?"

"अशी किती आहेत?"

"सहा-सात. डॉनची आजी यांच्यावरच वाळवायची. मग त्याची आईसुद्धा."

मी खुर्ची ओढून बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. डॉन पाच हजार मैल जाऊन आले, आणि हे कापड इथे दरवर्षी सफरचंदांखाली पसरलेलं.

मी रूथला आईच्या पातेल्यांचं सांगितलं. लग्नात मुलीला भांडी देतात, त्यांवर तिचं नाव घालतात, मग नाव बदललं तरी भांडी बदलत नाहीत. तुमच्याकडे मुलगी लग्नाला निघताना बरोबर काय न्यायची, असं विचारलं. रूथने कापड चौकटीवरून सोडवून उजेडात धरलं. मग हळूच म्हणाली, "चादरी. टेबलाची कापडं. स्वतः भरलेली." तिने त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"रूथ, आणखी एक," मी म्हटलं. बोलता बोलता मला स्वतःलाच ते दिसत होतं. "ओबरबाख तिचं गाव नसेलच. ते सोमरांचं गाव असेल. तिच्या नवऱ्याचं, योहानेसचं."

"पण सगळ्या कागदांवर ओबरबाखची लिहिलंय."

"माझ्या आईच्या कागदांवरही बाबांचंच मूळ गाव होतं. ती तिथे जन्मात दोनदा गेली, तेही देवीला."

मग तिला माहेर समजावून सांगण्यात माझी निम्मी सकाळ गेली. आईवडिलांचं घर म्हटलं, तर ती म्हणाली, म्हणजे जन्मलेलं घर. तेवढंच नाही म्हटलं. जिथून दिलं जातं आणि जिथे परत गेलं की कुणी काम सांगत नाही, ते. बाईलाच असतं, पुरुषाला नसतं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, "माहेअर, माहेअर." इंग्रजीत याला शब्द नाही हे तिला खरं वाटेना. डॉनच्या जुन्या डिक्शनरीत शोधू म्हणाली. शोधलाही.

त्या दुपारी आम्ही ओबरबाखच्या नोंदणी कचेरीला ईमेल केलं. इतकी वर्षं सोमरांनी एकच प्रश्न विचारला होता, व्हेरेना तुमच्याकडे कधी जन्मली? आम्ही दोघींनी जन्माचं विचारलंच नाही. कुठल्याही गावच्या पारावर नवी सून दिसली की बायका पहिलं जे विचारतील ते विचारलं: तुमच्या योहानेस सोमरने बायको केली, ती कुठली? कुणाची लेक?

मग वाट बघणं. ते दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात आणि त्यांत घडलं काहीच नाही. मेपलची पानं रोज थोडी थोडी खाली आली. आम्ही कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. रूथ मध्येच एखादी बशी हातात धरून थांबायची आणि मी घाई करत नसे. मक्याची कापणी चालू होती, दूरवर यंत्राचा आवाज दिवसभर घुमायचा, संध्याकाळी थांबला की कान रिकामे वाटायचे. व्हेरेनाही अशीच उभी राहिली असेल का या खिडकीपाशी, की तेव्हा खिडकी नव्हतीच? तिची आई गेल्याचं तिला कधी कळलं असेल? पत्राने, महिन्याने, की कळलंच नसेल? मला व्हिडिओवर आईचा चेहरा दिसला होता, शेवटच्या दिवशीसुद्धा. तेवढं तरी. हे मनात आलं आणि मी त्या वर्षात पहिल्यांदा सर्दीचं नाव न सांगता रडले. रूथने हातातली बशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. काय झालं, असं विचारलं नाही.

उत्तर अठरा तारखेला आलं. एरिक त्या दिवशी घरी होता, त्याने फोनवर भाषांतर करून मोठ्याने वाचलं. कचेरीतल्या बाईने सविस्तर लिहिलं होतं. तिकडच्या जुन्या कायद्याने लग्न झालं की बायको नवऱ्याच्या गावची ठरायची, पुढे सगळ्या कागदांवर तेच गाव लागायचं, मग तिने ते डोळ्यांनी पाहिलेलं असो वा नसो. योहानेस सोमरची पत्नी व्हेरेना, जन्मनाव लूथी. उलरिख आणि एल्सबेथ लूथी यांची मुलगी. राहणार हिंटरमाट.

एरिकने नकाशा काढला. हिंटरमाट ओबरबाखच्या अलीकडे, एक डोंगर सोडून.

"इथे आमची बस थांबली होती," रूथ म्हणाली. "ड्रायव्हर सिगरेट ओढायला उतरला. डॉन म्हणाला, काय सुंदर गाव आहे. मी म्हटलं, उतरू नकोस, आपलं गाव पुढे आहे." ती हसली, आणि हसता हसता तिने चष्मा काढून डोळे पुसले.

शेवटच्या रविवारी वारा सुटला होता. पन्नासएक सोमर जमले. हॅम, कोबीचं कोलस्लॉ, फळं भरून भाजलेले सात प्रकारचे 'पाय', आणि सगळ्यांच्या अंगात निळे टी-शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'ओबरबाख ते ओहायो'. एरिकचा चुलतभाऊ गॅरी जरा कुरकुरला. टी-शर्ट छापून झालेत, निदान दगडावर दोन्ही गावं घालायची होती, म्हणाला. रूथ काठी टेकत उभी होती. "टी-शर्टचा रंग दोन धुण्यांत जाईल, गॅरी," ती म्हणाली. "दगड राहील." दगडावर कोरलं होतं: व्हेरेना लूथी सोमर, एल्सबेथची लेक, हिंटरमाटची. बापाचं नाव का नाही, असं कुणीतरी विचारलं. रूथने ऐकू न आल्यासारखं केलं. तिचे कान शाबूत आहेत, मला माहीत आहे.

परत येताना गाडीत आम्ही तिघंच होतो. मी मागच्या सीटवर, मांडीवर चर्चमधल्या बायकांनी दिलेला उरलेल्या जेवणाचा डबा. ऊन तिरपं होऊन कापलेल्या शेतांवर पसरलं होतं. त्या उजेडात गाडी चालते की शेतं चालतात ते कळत नाही. आणि माझ्या मनात एक प्रश्न आला, तो तीन आठवड्यांत, खरं तर बावीस वर्षांत, यायला हवा होता.

"रूथ, तुमचं माहेर कुठे?"

मी आरशात एरिककडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. साठीला आलेल्या त्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. "इंडियाना साइडला कुठेतरी, ना मॉम?" तो म्हणाला.

"इथून पाऊण तास," रूथ म्हणाली. "दुसऱ्या एक्झिटला वळायचं. भाऊ गेल्यावर शेत विकलं, त्याला चाळीस वर्षं झाली. नंतर जायला कारणच नव्हतं."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?"

एरिकने इंडिकेटर दिला.

तिथे घर नव्हतं. पत्रपेटीसुद्धा नव्हती. सोयाबीन काढून नेलेलं नुसतं मोकळं शेत, कडेला ओढ्याकाठची चार झाडं. एरिकने गाडी थांबवली आणि आईचा हात धरायला गेला, पण ती एकटीच पुढे निघाली. खुंटांतून काठी टेकत, न अडखळता, अंधारात स्वतःच्या घरात चालावं तशी. ओढ्याकडे बघून तिने अंदाज घेतला, थोडी डावीकडे सरकली. इथे पायऱ्या, म्हणाली. इथे दार. मग आणखी चार पावलं टाकून थांबली. "हे स्वयंपाकघर. आई इथे उभी राहायची." मी विचारलं, काय नाव त्यांचं? "क्लारा," ती म्हणाली, आणि ते नाव तिने इतक्या वर्षांनी मोठ्याने उच्चारलं असणार, कारण उच्चारून ती स्वतःच दचकली.

वारा पडला होता. ती खूप वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून, लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "अनघा, मला भूक लागलीये."

बावीस वर्षांत या बाईच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. सगळ्यांना वाढायची, सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्याने खायची, आग्रह केला तर 'मी नंतर' म्हणायची. मी डबा उघडला आणि तिने दाखवलेल्या स्वयंपाकघरात, जमिनीवरच बसून, तिला आधी वाढलं.